केसावानचा मेजर : पेनांग ते मेदान

शुक्रवार, पेनांग

इंडोनेशियातल्या मेदानला थेट जाता आलं असतं, पण आम्ही मुद्दाम मलेशियातल्या पेनांगचा रस्ता धरला. मेदानच्या चिनी वस्तीचा पुढारी, धनाढ्य व्यापारी चोंग आ फी या माणसाचं घर पाहायचं होतं, आणि त्याची गोष्ट मलाक्काच्या सामुद्रधुनीच्या या काठापासून सुरू होते. पलीकडे सुमात्राच्या पूर्व किनाऱ्यावर, देलीच्या सुलतानाच्या मुलखात, डचांनी तंबाखूचे मळे उभारले ते पेनांगमधून गेलेल्या माणसांच्या बळावर. दक्षिण चीनमधून जहाजं भरून मजूर यायचे, दलालांच्या कोठ्यांत कोंबले जायचे, त्यांचा सौदा ठरायचा आणि मग त्यांना पलीकडे नेलं जायचं. मळे डचांचे, बंदर इंग्रजांचं आणि दलाल बहुतेक चिनी. तिघांनाही त्यात पैसा होता.

सोबत माझी धाकटी बहीण होती. तिची सगळी नोकरी बँकेच्या ऑडिट खात्यात गेली. कुठल्याही भव्य वास्तूसमोर उभी राहिली की तिचा पहिला प्रश्न ठरलेला : "ताई, ह्याला पैसा आला कुठून?" या सहलीत त्या प्रश्नाने आम्हाला वाट दाखवली.

सकाळी लीथ स्ट्रीटवरचा निळा वाडा पाहिला. हा चेओंग फात झे या चिनी व्यापाऱ्याचा. ३८ खोल्या, पाच चौक, सात जिने आणि २२० खिडक्या. हा माणूस १८४० साली क्वांगतुंग प्रांतातल्या दाबू इथे गरीब घरात जन्मला, तरुणपणी बटाव्हियाला, म्हणजे आजच्या जकार्ताला गेला, तिथे डचांना माल पुरवण्याची कंत्राटं मिळवली आणि पुढे सामुद्रधुनीच्या दोन्ही काठांवर पसरला. शेतीमळे, जहाजं, अफूचा मक्ता, आणि १८९२ साली चीनच्या यानताई बंदरात द्राक्षाच्या दारूचा कारखानासुद्धा. चीनच्या बादशाही सरकारने त्याला पेनांगमध्ये आपला उपवाणिज्यदूत नेमलं. १९१६ साली तो वारला तेव्हा इंग्रज आणि डच या दोन्ही सरकारांनी आपापले झेंडे अर्ध्यावर उतरवले होते. परक्या सत्तेखाली राहणाऱ्या एका चिनी माणसासाठी दोन परक्या सत्तांनी असं करावं, यावरून त्याचं वजन कळतं.

आमच्या चोंग आ फीचा हा ज्येष्ठ सहकारी. दोघेही हक्का बोलणारे. परदेशात गेलेल्या चिनी माणसांत बोलीवरून गट पडायचे. हॉक्किएन, कँटोनीज, तिओच्यू, हक्का, अशा प्रत्येकाच्या वेगळ्या पेढ्या, वेगळी देवळं, वेगळी स्मशानं. हक्कांची संख्या पेनांगमध्ये तशी कमी, पण पेनांग आणि मेदान मिळून त्यांनी जो गोफ विणला तो फार घट्ट होता. दुपारी एअर इतामच्या टेकडीवरच्या केक लोक सी या बौद्ध मंदिरात गेलो. विसाव्या शतकाच्या तोंडावर ते उभं राहिलं तेव्हाच्या पाच मोठ्या देणगीदारांत चेओंग फात झे आहे, आणि चोंग योंग हियानही आहे. हा योंग हियान म्हणजे आ फीचा थोरला भाऊ. मेदानला पाऊल ठेवण्याआधीच आम्हाला त्या घराण्याची ओळख पटली.

शनिवार, पेनांग ते मेदान

विमानाने तासाभरापेक्षा कमी वेळ लागतो आणि मेदानचं घड्याळ पेनांगच्या एक तास मागे आहे, त्यामुळे निघालो त्याच वेळेला पोहोचलो. कुआलानामू विमानतळावरून रेल्वे थेट शहराच्या मध्यभागी आणून सोडते. स्टेशनच्या समोर मोठं मैदान आहे. डचांच्या काळातलं एस्प्लनेड ते हेच, आताचं लापांगान मर्देका.

संध्याकाळी त्या मैदानाभोवती चक्कर मारली. मेदानचा इतिहास समजून घ्यायला एवढी एक चक्कर पुरते. १८६३ साली याकोब नीनहाउस नावाचा डच तरुण तंबाखूच्या शोधात देलीला उतरला. सुलतानाकडून जमीन मिळाली आणि पिकलेलं पान इतकं पातळ आणि मऊ निघालं, की सिगारच्या बाहेरच्या वेष्टनासाठी युरोपात त्याला वाटेल ती किंमत येऊ लागली. १८६९ साली देली कंपनी स्थापन झाली. देली आणि बाबुरा नद्यांच्या संगमावरचं एक लहानसं खेडं तिचं मुख्य ठाणं बनलं. तेच मेदान. किल्ला, राजधानी किंवा तीर्थ अशा कुठल्याच कारणाने हे शहर वसलेलं नाही. ते एका पानावर वसलं.

मैदानाच्या काठाने १९११चं पोस्ट ऑफिस आहे, जावा बँकेची इमारत आहे, आणि तिच्या शेजारी जुनं नगरभवन. आता त्याच्या मागे उंच हॉटेल उभं आहे, पण पांढरा मनोरा शाबूत आहे. मनोऱ्यातलं घड्याळ १९१३ साली चोंग आ फीने शहराला भेट दिलं. बहिणीने मान वर करून ते पाहिलं आणि म्हणाली, "गोऱ्यांच्या कचेरीत वेळ मात्र चिन्याची." मला ते वाक्य आवडलं, कारण आ फीचं या शहरातलं स्थान त्यात बरोबर बसतं.

मैदानापासून दक्षिणेकडे जाणारा रस्ता केसावान. कागदोपत्री तो आता जालान अहमद यानी, पण लोक केसावानच म्हणतात. दुतर्फा दोन मजली जुनी दुकानं, मधूनच बंद पडलेल्या पेढ्या. १९३४ पासून इथे चालू असलेल्या टिप टॉप नावाच्या उपाहारगृहात आइस्क्रीम खाल्लं. वेताच्या खुर्च्या, वर फिरणारे पंखे, आणि समोरून धडधडत जाणाऱ्या मोटरसायकल-रिक्षा. रस्त्याच्या पलीकडे हिरव्या दारांचं प्रवेशद्वार दिसत होतं. ते उद्यासाठी राखून ठेवलं.

रविवार, केसावान

आजचा सगळा दिवस त्या वाड्याचा.

कमानीखालून आत गेलं की अंगण, दगडी सिंह आणि मग दोन मजली, रुंद, पिवळसर घर. १८९५च्या सुमारास बांधकाम सुरू झालं आणि १९०० साली संपलं. छपराच्या कडा चिनी, खिडक्यांच्या झडपा मलय, खांब आणि फरश्या युरोपीय. तीन जगांतल्या वस्तू एका घरात आणल्या की सहसा भेसळ वाटते. इथे तसं वाटत नाही. मधला उघडा चौक चिनी वाड्याचा आहे आणि सगळं घर त्याच्याभोवती फिरतं. पाऊस आला तर तो घराच्या मधोमध पडतो, आणि पाणी घरात येणं म्हणजे लक्ष्मी येणं अशी समजूत. आपल्या कोकणातल्या किंवा देशावरच्या चौसोपी वाड्यात वाढलेल्या माणसाला इथे परकं वाटणार नाही.

घर दाखवणारी मुलगी विशीतली होती, इंग्रजी छान बोलत होती आणि घाई करत नव्हती. तिने आधी आम्हाला बैठकीच्या खोल्या दाखवल्या. एक सुलतान आणि मलय पाहुण्यांसाठी, एक चिनी पाहुण्यांसाठी, एक युरोपीयांसाठी. प्रत्येकीत वेगळ्या खुर्च्या, वेगळे रंग. वरच्या मजल्यावर नाचाचा मोठा दिवाणखाना, जिथे डच अधिकारी आणि मळेवाले सपत्नीक येत. खाली पूर्वजांचं देवघर, उदबत्तीच्या धुराने काळवंडलेलं. मी त्या तीन खोल्यांमधून दोनदा फिरले. हा सगळा माणूस तिथे दिसतो. एका दाराने सुलतान, दुसऱ्याने रेसिडेंट म्हणजे तिथला मुख्य डच अधिकारी, तिसऱ्याने आपल्या गटातले भांडणारे दुकानदार, आणि मध्ये तो एकटा, तिघांच्याही भाषेत बोलणारा.

तो १८६० साली क्वांगतुंगमधल्या मेइश्यान भागात, सोंगकोउ नावाच्या गावी जन्मला. घरची परिस्थिती बेताची. थोरला भाऊ योंग हियान आधीच देलीला येऊन स्थिरावला होता. विशीच्या आतबाहेर आ फीही आला. भावाच्या आधारावर न बसता त्याने दुसऱ्याच्या दुकानात नोकरी धरली. हिशेब ठेवणं, गिऱ्हाईक सांभाळणं, उधारी वसूल करणं, पडेल ते काम. दुकानात उभं राहून तो मलय शिकला. मळ्यावरचे मजूर, मलय लोक, डच कारकून, सगळ्यांशी त्याला बोलता येई. भांडणं मिटवण्यात त्याचा हातखंडा होता असं सगळेच सांगतात, आणि डचांनी त्याला हेरलं ते यासाठीच.

इथे डचांची पद्धत सांगायला हवी, नाहीतर 'मेजर' हे पद कळत नाही. चिनी वस्तीचा कारभार डच स्वतः बघत नसत. त्या वस्तीतलाच एखादा श्रीमंत, वजनदार माणूस निवडून त्याला लेफ्टनंट, कॅप्टन किंवा मेजर अशी लष्करी वाटणारी पदवी द्यायची. लष्कराशी त्याचा काही संबंध नसे. नव्या आलेल्यांची नोंद, कर, तंटे, शिस्त, गुप्त टोळ्यांवर नजर, हे सगळं त्याने पाहायचं. पगार नावापुरता. खरा मोबदला मक्त्यांत असे. अफू, जुगार, दारू यांची विक्री सरकार लिलावाने मक्त्यावर देई, आणि ते मक्ते अनेकदा याच अधिकाऱ्यांकडे किंवा त्यांच्या भागीदारांकडे जात. देलीत योंग हियान आणि आ फी या भावांकडेही ते होते. शिवाय मळ्यांना धान्य आणि किराणा पुरवायचं काम. योंग हियान आधी मेजर झाला. १९११ साली तो वारल्यावर ते पद आ फीकडे आलं.

त्यापुढचा विस्तार थक्क करणारा आहे. युरोपीयांची मक्तेदारी असलेल्या मळ्यांच्या धंद्यात हा चिनी माणूस शिरला आणि हाताखाली युरोपीय व्यवस्थापक ठेवून मळे चालवू लागला. त्याच्या वेगवेगळ्या उद्योगांत दहा हजारांवर माणसं कामाला होती असं सांगितलं जातं. १९०७ साली भावांनी आणि चेओंग फात झेने मिळून देली बँक काढली. मायदेशी तर त्याहून मोठं काम केलं. स्वातोउ बंदरापासून चाओचोउपर्यंत सुमारे चाळीस किलोमीटरची रेल्वे, जी १९०६ साली सुरू झाली. परदेशस्थ चिनी व्यापाऱ्यांच्या भांडवलावर चीनमध्ये उभी राहिलेली ती पहिली रेल्वे. त्याआधी राजमाता त्सशीने योंग हियानला पेकिंगमध्ये भेटीला बोलावलं होतं. ज्या बादशाहीच्या कायद्याने एकेकाळी देश सोडून जाणं हा गुन्हा होता, तीच बादशाही आता या माणसांच्या पैशासाठी त्यांना मानाचे झगे देत होती.

चौकातल्या बाकावर आम्ही बराच वेळ बसलो. बहिणीचा प्रश्न आलाच. मी तिला अफूचं आणि जुगाराचं सांगितलं. ती म्हणाली, "म्हणजे आपल्या जमशेटजींसारखं." ते अगदी खरं आहे. सर जमशेटजी जीजीभॉय यांनी माळव्याची अफू मुंबईतून चीनला पाठवली, त्या व्यापारातून अपार संपत्ती मिळवली आणि तिच्यातून मुंबईला जे. जे. रुग्णालय दिलं. १८४५ पासून तिथे लाखो गरिबांचे जीव वाचले. मुंबईकरांना त्या नावाबद्दल कृतज्ञता आहे आणि ती असायलाच हवी. पण त्या अफूचं दुसरं टोक दक्षिण चीनमधल्या कुठल्यातरी घरात होतं, हे आपण क्वचित आठवतो. मेदानमध्ये बसून ते दुसरं टोक आम्हाला दिसायला लागलं.

वाड्याच्या एका भागात कुटुंबाचे वंशज अजून राहतात. २००९ साली, आ फीच्या दीडशेव्या जयंतीच्या निमित्ताने, बाकीचं घर लोकांसाठी उघडलं गेलं. भिंतींवर त्याची धाकटी पत्नी लिम कुई याप आणि मुलांची छायाचित्रं आहेत. थोरली मुलगी क्वीनी हिने म्हातारपणी बालपणाच्या आठवणी लिहिल्या. या घरातलं रोजचं जगणं आज इतकं स्पष्ट कळतं त्याचं मोठं श्रेय तिला आहे.

सोमवार, मशिदी आणि राजवाडा

केसावानच्या मागच्या एका वाकड्या गल्लीत जुनी मशीद आहे, मस्जिद लामा गांग बेंकोक. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकांतली. लोक सांगतात की तिचा सगळा खर्च आ फीने केला. रंग मलय, हिरवा आणि पिवळा, पण छपराचा घाट चिनी देवळाची आठवण करून देतो. आम्ही गेलो तेव्हा दुपारची नमाज नुकतीच झाली होती. पायऱ्यांवर बसलेल्या एका आजोबांनी खुणेने आत बघा म्हणून सांगितलं. आम्ही डोक्यावरून ओढण्या घेतल्या आणि दारातूनच पाहिलं. साधी, थंडगार, शांत जागा. आ फी बौद्ध-कन्फ्यूशियन रीतीचा माणूस, आणि त्याने शेजाऱ्यांना त्यांच्या देवाचं घर बांधून दिलं. याचं मला मनापासून कौतुक वाटलं आणि अजूनही वाटतं.

मोठी मशीद, मस्जिद राया अल मशून, १९०६ ते १९०९ या काळात सुलतान मामून अल रशीद याने बांधली. अष्टकोनी, काळे घुमट, आतल्या खांबांवर वेलबुट्टी आणि खिडक्यांना रंगीत काचा. तिच्या खर्चाचा जवळपास तिसरा हिस्सा आ फीने उचलला असं इथे सगळ्यांना माहीत आहे. सुलतान आणि तो स्नेही होते. स्नेहात व्यवहारही होता, कारण जमिनी सुलतानाच्या, त्या मळेवाल्यांना खंडाने जायच्या आणि मळ्यांना माल आ फी पुरवायचा. व्यवहार होता म्हणून स्नेह खोटा होता असं मात्र मी म्हणणार नाही. मशिदीसाठी पैसे देण्याची सक्ती त्याच्यावर कोणी केली नव्हती.

पलीकडेच मैमून राजवाडा. १८९१ साली पूर्ण झालेला, पिवळाधमक. आत भाड्याने जरतारी पोशाख घालून फोटो काढणाऱ्यांची इतकी गर्दी होती की आम्ही लवकरच बाहेर पडलो. तंबाखूच्या जमिनींच्या खंडावर उभा राहिलेला हा वाडा आणि केसावानवरचा तो वाडा एकाच पिकाचे आहेत, एवढं पाहून पुरलं.

मंगळवार, मळ्यांच्या वाटेवर

शहरात मळ्यांच्या इतिहासाचं एक संग्रहालय आहे, जालान ब्रिगजेन कताम्सोवर. सकाळ तिथे घालवली. रबर, पाम, चहा, तंबाखू, सगळ्यांचा इतिहास. पण माझं मन कुलींच्या जुन्या छायाचित्रांत अडकलं.

देलीतल्या मजुराचं आयुष्य कसं होतं ते थोडं सांगते. १८८० साली डचांनी कुली कायदा केला. मजुराने करारावर अंगठा दिला की मुदतीआधी सोडून जाणं, काम नाकारणं, आळस करणं हे गुन्हे. त्यासाठी तुरुंग किंवा सक्तमजुरी. दोन माणसांमधला करार, पण तो मोडला की शिक्षा फक्त एकाला. चिनी मजूर प्रवासाचं आणि दलालीचं कर्ज डोक्यावर घेऊनच यायचा. तंबाखूत त्याला एक तुकडा नेमून दिला जाई. रोपं लावायची, अळ्या हाताने वेचायच्या, पाणी घालायचं, पान खुडायचं. पैसे मिळायचे ते शेवटी, झाडांच्या संख्येवर आणि पानाच्या प्रतीवर, आणि ती प्रत ठरवणार मळेवाला. वर्षअखेर हिशेब चुकता झाला की मळ्यावर जुगाराचे अड्डे बसत. हातात आलेले पैसे त्या चार दिवसांत जायचे, वर नवीन उचल व्हायची आणि माणूस पुन्हा करारावर अंगठा द्यायचा. जुगाराला परवानगी सरकारची, मक्ता चिनी पुढाऱ्यांचा, आणि फायदा मळेवाल्याचा, कारण मजूर जागचा हलत नव्हता.

बहिणीच्या प्रश्नाचं पुरं उत्तर तिथे मिळालं. अफू आणि जुगाराचा मक्ता हा काही बाजूचा धंदा नव्हता. मजुराला बांधून ठेवणाऱ्या यंत्राचा तो एक दात होता. आणि ज्या मेजरकडे मजुराने दाद मागायची, त्याच्याच वर्तुळात तो मक्ता होता.

हे मी आज बसून लावलेले आरोप नव्हेत. १९०२ साली मेदानमधल्याच फान देन ब्रांड नावाच्या डच वकिलाने पुस्तिका काढून मळ्यांवरच्या मारहाणीला आणि छळाला वाचा फोडली. हॉलंडच्या संसदेत गदारोळ झाला. रेमरेव्ह नावाच्या सरकारी वकिलाला चौकशीला पाठवलं गेलं. त्याने १९०४ साली जो अहवाल दिला तो इतका भयंकर होता की सरकारने छापलाच नाही. तो लोकांसमोर आला १९८७ साली. शिक्षेची ती कलमं १९३१ पासून टप्प्याटप्प्याने गेली, आणि तेव्हाही अमेरिकेने सक्तीच्या मजुरीतून पिकलेला माल घ्यायला अडथळा आणल्यावर.

ती छायाचित्रं बघताना मला रत्नागिरी-सिंधुदुर्गाकडून मॉरिशसला गेलेली आपली माणसं आठवत होती. उसाच्या मळ्यांवर गिरमिटाखाली, म्हणजे मुदतीच्या मजुरीच्या कराराखाली, गेलेल्या मराठी कुटुंबांचे वंशज आजही तिथे गणपती बसवतात. त्यांच्या पणजोबांनी अंगठा दिलेले कागद आणि देलीतले हे कागद यांत फार फरक नसणार.

दुपारी गाडी करून पश्चिमेला बिंजाईकडे गेलो. लिम कुई याप या गावची. रस्त्याच्या कडेने तंबाखू दिसेल या आशेवर होते, पण दिसले ते तेलपाम आणि ऊस. देलीचा तंबाखू जंगल तोडून घेतला जायचा. एक पीक घेतलं की जमीन सात-आठ वर्षं पडीक ठेवायची. त्याला अफाट जमीन लागे, आणि आता तेवढी मोकळी जमीन उरलेली नाही. बिंजाईत नारळाच्या दुधातला सोतो जेवलो, बहिणीने गादो-गादो घेतलं. परतीच्या वाटेवर पावसाने झोडपून काढलं.

बुधवार, पुलो ब्रायान आणि पूल

आ फी फेब्रुवारी १९२१ मध्ये मेंदूतल्या रक्तस्रावाने अचानक गेला. त्याची समाधी शहराच्या उत्तरेला पुलो ब्रायानला आहे. त्याच्या अंत्ययात्रेला हजारो लोक लोटले, मलय, चिनी, भारतीय, युरोपीय. सुमात्राच्या इतर भागांतून आणि पेनांगमधूनही माणसं आली.

त्याने मृत्युपत्र केलेलं होतं. संपत्तीचा मोठा भाग तोएन मोएक तोंग नावाच्या संस्थेकडे जावा आणि तिने देलीत आणि चीनमध्ये काम करावं अशी त्याची इच्छा. हुशार पण गरीब मुलांना शिकण्यासाठी पैसे, मग ती कुठल्याही वंशाची असोत. अपंगांना आधार. पूर, आग, भूकंप यांत सापडलेल्यांना मदत, तीही वंश न पाहता. १९२१ साली, जिथे शाळा, क्लब, दवाखाने, न्यायालयं सगळं कातडीच्या रंगावरून वेगळं होतं, अशा मुलखात एका माणसाने 'कुठल्याही वंशाचा' असं लिहून ठेवलं. डचांनी त्याला ऑरेंज-नासाऊ पदक दिलं होतं, पण त्यांच्या स्वतःच्या कुठल्या खात्यात एवढं औदार्य मला दिसलेलं नाही.

मग या माणसाकडे पाहायचं कसं? बहीण आणि मी काल रात्री यावर भांडलो म्हटलं तरी चालेल. तिचं म्हणणं, देणगी कितीही मोठी असली तरी वसुली कुणाकडून झाली हे आधी. माझं म्हणणं, त्या काळात त्या पदावर असलेल्या बहुतेकांनी वसुली केली आणि पैसे घरात ठेवले, याने निदान शहराला दिले. सकाळी समाधीवरून परतताना मला तिचं थोडं पटलं आणि तिला माझं थोडं. आ फीचं नाव मशिदीत, घड्याळात, पुलात आहे. ज्या हक्का आणि तिओच्यू पोरांनी बिंजाईच्या वाटेवर जंगल तोडलं आणि तिथेच मेले, त्यांच्या नावाचा दगड मला या शहरात कुठे दिसला नाही. वाडा पाहायला येणाऱ्याने वाड्यासाठी एक दिवस काढला तर मळ्यांसाठीही एक काढावा, आणि दोन्ही एकाच माणसाच्या चरित्राचे भाग म्हणून पाहावेत, असं माझं आग्रहाचं सांगणं आहे.

शेवटी बाबुरा नदीवरच्या पुलावर गेलो. आ फीने हा पूल थोरल्या भावाच्या स्मरणार्थ १९१६ साली बांधवला. पांढरे कठडे, कोरीव खांब, आणि वरून अखंड रहदारी. पूल ओलांडला की कांपुंग मद्रास, मेदानमधली भारतीय वस्ती. मळ्यांच्या कामासाठी तमिळ माणसंही आणली गेली होती, बैलगाड्या हाकायला, रस्ते खणायला. त्यांच्या वस्तीतलं श्री मारियम्मनचं देऊळ १८८४चं आहे. म्हणजे केसावानच्या वाड्याचं बांधकाम सुरू होण्याआधी दहा-अकरा वर्षं ते इथे होतं. गोपुराखाली फुलांच्या माळा, आत कापराचा वास, आणि पुजाऱ्यांनी आम्ही कुठून आलो ते विचारून विभूती दिली. कुणा मेजरच्या पदवीशिवाय या लोकांनी परक्या मुलखात आपल्या देवीसाठी छप्पर उभारलं आणि ते टिकवलं. देवळाच्या बाहेर बसून आम्ही वडे आणि कॉफी घेतली आणि विमानतळाच्या गाडीची वेळ होईपर्यंत तिथेच थांबलो.

पुढच्या खेपेला सोंगकोउ आणि स्वातोउ करायचं मनात आहे. भावांनी बांधलेली रेल्वे जपानी युद्धात १९३९ साली उद्ध्वस्त झाली, पण ज्या बंदरातून ते दोघे आणि त्यांच्या मागून हजारो मजूर बोटीत चढले, ते बंदर तिथेच आहे.